सासूबाईंचा पेन ड्राइव्ह

लग्नाला अठरा-एकोणीस वर्षं होऊन गेली तरी मी आणि माझ्या सासूबाई एकमेकांशी सरळ एक वाक्य बोललो नव्हतो. भांडण नव्हतं. राग तर अजिबातच नव्हता. त्यांच्या घरात सासू जावयासमोर येत नाही. आलीच तर डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहते, आणि काही विचारायचं असलं तर लेकीच्या तोंडून विचारते. त्यांच्या आईनं तसंच केलं होतं, म्हणून त्यांनीही केलं.

मला सुरुवातीला हे जड गेलं. मी जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये लहानाचा मोठा झालो. तिथं शेजारी केरळचे, समोर बंगालचे, वरच्या मजल्यावर बिहारचे. सगळ्या काकू सगळ्यांच्या पोरांना रागवायच्या आणि जेवायलाही बसवायच्या. आंधळगावला सासुरवाडीत मात्र मी ओसरीवर पाटावर बसलेला आणि स्वयंपाकघराच्या दारातून आवाज यायचा, "बाई, इचार तं, भाजी आनू का म्हना अजून." बायको माझ्याकडे वळायची, "भाजी आणू का?" मी बायकोला सांगायचो, "नको, पुरे." बायको दाराकडे तोंड करून, "नको म्हणतेत." आम्ही तिघंही हाताच्या अंतरावर असायचो.

पुढं त्याची सवय झाली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. सासूबाईंना काय म्हणायचं हे कधी ठरलंच नाही, कारण हाक मारायची वेळच आली नव्हती.

त्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या मेहुण्यामुळं. तो पुण्याला नोकरीला. त्यानं स्वतःसाठी लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर गावी आणून मधल्या खोलीत शिलाई मशीनच्या बाजूला मांडून दिला. सगळ्यांना वाटलं, मामाजी त्याच्यावर धानाचे भाव बघतील. मामाजींनी त्याला हातही लावला नाही. शिकल्या त्या सासूबाई. मोबाइलमध्ये फोटो काढायचा त्यांना आधीपासून नाद होता, पण मोबाइलच्या काचेवर चेहरे बारीक दिसतात अशी त्यांची तक्रार. मेहुण्यानं त्यांना मोबाइलचं कार्ड काढून छोट्या रीडरमध्ये घालायचं, फोटो पेन ड्राइव्हमध्ये उतरवायचे आणि मोठ्या पडद्यावर बघायचे, एवढं शिकवून दिलं. निळा पेन ड्राइव्ह होता. हरवू नये म्हणून त्यांनी त्याला लाल धागा बांधला होता.

हे सगळं मला बायकोकडून कळलेलं. मी त्यांना कॉम्प्युटरवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी गेलो की त्या मधल्या खोलीत येतच नसत.

त्या वर्षी नवरात्र उलटल्यावर बायकोच्या फोनवर निरोप यायला लागले. कॉम्प्युटर आपोआप जाहिराती उघडतो. कोपऱ्यात लाल पाटी येते आणि भोंगा वाजतो. पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरांवर छोटे बाण आले आहेत, आणि एक फोल्डर उघडायला गेलं की आधी काळी खिडकी लुकलुकून जाते. मेहुण्यानं पुण्याहून फोनवर दोन-तीनदा प्रयत्न केला आणि म्हणाला, फॉर्मेट मारून टाका. मग मामाजी एका ओळखीच्या माणसाला मोटरसायकलवर मागं बसवून, त्याच्या मांडीवर कॉम्प्युटरचा डबा देऊन, भंडाऱ्याला एका दुकानात घेऊन गेले. तिथंही तेच सांगितलं, डबा आणि पेन ड्राइव्ह दोन्ही फॉर्मेट करावे लागतील. सासूबाईंनी फोन करून विचारलं, फॉर्मेट म्हणजे काय. कळल्यावर म्हणाल्या, "सारं पुसून टाकतेत तं मंग काय उरलं? तसाच वापस आना."

डबा तसाच वापस आला. मामाजींनी त्याच्यावर टॉवेल टाकला, म्हणजे भोंग्याचा आवाज जरा कमी येतो. आणि घरात ठरलं, भाऊबीज झाल्यावर जवाई येतीन, ते पाहतीन. जवाई दिवसभर हापिसात कॉम्प्युटरवरच बसतेत.

बसतो हे खरं. पण मी बिलं काढतो. आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडला की कॉम्प्युटर सेक्शनचा माणूस येतो आणि आम्ही चहाला जातो. बायकोला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "थोडं पाहून तं घ्या. आई कोणाच्या हातात देऊन नाही राहिली."

आम्ही गेलो तेव्हा लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं, बांध्यांत त्याच्या कडपा वाळत पडल्या होत्या, आणि उशिराचं भारी धान अजून उभं होतं. मामाजी सकाळी निघाले की दिवस मावळल्यावरच परत येत. आमच्याकडं भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, पाहुण्यांची ये-जा असते. घर भरल्यासारखं वाटत होतं. पिशवी उघडल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा वाचायचा चष्मा जवाहरनगरलाच राहिला. लांबचं मला दिसतं, पण पडद्यावरची बारीक अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. मग बायकोला शेजारी बसवलं.

आता आमचं काम असं सुरू झालं. मी बायकोला विचारलं, "हे कधीपासून होऊन राहिलं?"

बायकोनं दाराकडे पाहून विचारलं, "आई, कधीपासून?"

दाराआडून उत्तर, "नवरात्रात."

"नवरात्रात म्हणते."

"ऐकू आलं. काय दाबलं होतं त्याइनं?"

"आई, काय दाबलं होतंस?"

"काही नाही दाबलं. लाल पाटी आली. तिच्यावर लिहून होतं का कॉम्प्युटर धोक्यात हाय, इथं दाबा. मंग इथं दाबलं."

बायको माझ्याकडे वळली. "काही नाही दाबलं म्हणते. आणि इथं दाबलं म्हणते."

माझ्या मोबाइलचं इंटरनेट जोडून मी एक फुकटचा अँटिव्हायरस उतरवला. पेन ड्राइव्ह लावून तो सुरू केला तेव्हा दुपार होती. बायको पडद्यावरचं वाचायची, मी हो म्हणायचो, ती बटण सांगायची. त्यानं भराभर घाण शोधून काढली, आणि प्रत्येक वेळी पुसू का विचारलं की मी पूस म्हणालो. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. भोंगा नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. मामाजी शेतावरून आले, टॉवेल बाजूला करून त्यांनी डब्याला कान लावला आणि म्हणाले, "बोंबलनं बंद झालं ना जी!" मला फार बरं वाटलं. मी तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो.

परत आलो तर घर गप्प होतं. बायकोनं मला ओसरीवरच गाठलं.

"तुम्ही आईचे फोटो उडवले."

"मी?"

"तिनं आत्ता लावून पाहिला. काहीच नाही त्याच्यात. पूर्ण खाली."

मी मधल्या खोलीत जाऊन बघितलं. खरंच. पेन ड्राइव्ह उघडला की पांढरा पडदा. बाणवाली फोल्डरंही गेली होती. मी बायकोला म्हणालो, काहीतरी करता येईल. ती म्हणाली, "मले नका सांगू." मग सासूबाईंना तरी कोणी सांगायचं, हे मला कळेना.

रात्री जेवायला नव्या तांदळाचा भात होता आणि कारल्याची भाजी. ताट नेहमीसारखंच भरलेलं, भातावर तूप. पण "इचार तं" हा आवाज दारातून आला नाही. बायकोनंच वाढलं. तो आवाज जेवताना असतो, हे मला तो नसताना कळलं.

सकाळी मला भोंग्यानं जाग आली. मधल्या खोलीत लाल पाटी परत नाचत होती. मामाजी शेतावर निघता निघता दारात थांबले आणि म्हणाले, "हे तं परत जित्तं झालं."

म्हणजे फोटो गेले ते गेले, आणि आजारही गेला नाही. मी आमच्या कॉम्प्युटर सेक्शनमधल्या मित्राला फोन लावला. तो सुट्टीवर होता, पण त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"पेन ड्राइव्हवर उजवं बटण दाब. जागा किती भरलेली दिसते?"

बायकोनं वाचलं. जवळजवळ पूर्ण भरलेली.

"मग फोटो आहेत," तो म्हणाला. "ह्या व्हायरसची रीतच तशी. खरी फोल्डरं लपवून ठेवायची आणि त्यांच्या नावाचे खोटे बाण समोर मांडायचे. तू बाणावर दाबलं की तो पसरतो. तू काल बाण पुसले. खरं सामान मागं तसंच पडून आहे."

मला हायसं वाटलं. मी दाराकडे पाहिलं. दाराआड कोणी आहे की नाही, समजलं नाही.

मित्रानं मग करायचं ते सांगितलं. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करायचा, म्हणजे फक्त गरजेपुरतं चालू राहतं. कॉम्प्युटर सुरू होताच एक लहान फाइल आपोआप चालू होत असेल, ती शोधून पुसायची. मग काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, की लपवलेलं परत दिसतं. ती ओळ त्यानं अक्षर अक्षर सांगितली आणि बायकोनं जुन्या कॅलेंडरच्या पानामागं लिहून घेतली. शेवटी तो म्हणाला, "आणि एक. काल साफ केल्यावर आज परत आला, म्हणजे घरात आणखी कशात तरी तो आहे. ते शोध. नाहीतर धूतच राहशील."

मी बायकोला विचारलं, "काल रात्रीपासून कोणी काही लावलं का ह्याला?"

"आई, कोणी काही लावलं का?"

दाराआडून काहीच उत्तर आलं नाही. बायको म्हणाली, "नाही लावलं वाटते."

सेफ मोडपर्यंत आम्ही पोचलो, ती फाइलही सापडली. नाव म्हणून तिला नुसती उलटसुलट अक्षरं होती. ती पुसून होते न होते तोच बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बायकोची मावशी तिला मंडईला न्यायला आली होती. हे आधीच ठरलेलं होतं, मावशीच्या गावाला पाहुणे जमले होते आणि एक नवीन बाळ बघायचं होतं. बायको उठली आणि दारातच अडखळली.

"तुमचं कसं होईन? काही लागलं तं?"

"काही लागलं तर तुले फोन करतो. तू आईले फोन करजो," मी म्हणालो.

तिला हसू आलं नाही. ती एकदा माझ्याकडे, एकदा आतल्या दाराकडे बघून गाडीत बसली.

घरात मी आणि सासूबाई. मधे एक दार आणि पडदा.

मी कॅलेंडरचं पान उचललं. बायकोचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि मोत्याएवढंच बारीक. पान लांब धरलं, जवळ धरलं, खिडकीशी नेलं. अंदाजानं एक ओळ लिहून एंटर दाबलं. काळ्या खिडकीनं चूक दाखवली. परत लिहिली. परत चूक. बायकोला फोन लावून अक्षरं विचारावीत तर ती काय घरातलं पान वाचणार! मी स्वतःशीच मोठ्यानं म्हणालो, "हा ए आहे का ओ, काय माहीत बुवा."

आत बांगड्या वाजल्या. मग पडदा सरला आणि सासूबाई आत आल्या. डोक्यावर पदर कपाळापर्यंत ओढलेला, डोळ्यांना चष्मा, नजर जमिनीवर. त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, कॅलेंडरचं पान उचललं आणि उजेडाकडे धरून वाचलं.

"ए."

मी ए दाबला.

"टी. आनखी एक टी. आर. आय. बी."

मी एकेक दाबत गेलो. वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्या थांबल्या असत्या असं मला वाटलं.

"आता जागा सोडली हाय. मंग आडवी रेघ. मंग एच."

मी दाबलं.

"सोडली का जागा?"

हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

"सोडली," मी म्हणालो.

"मंग पुन्हा जागा. आडवी रेघ, आर. जागा. आडवी रेघ, यस. आता जागा सोडून तिरपी रेघ हाय. डोक्याकून उजवीकडे झुकलेली."

असं करत आम्ही शेवटच्या खुणेपर्यंत आलो. मी एंटर दाबलं. ह्या वेळी चूक आली नाही. नुसती पांढरी रेघ लुकलुकत राहिली. बराच वेळ लुकलुकली. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत होतो. मग खाली नवीन ओळ उमटली, म्हणजे काम झालं होतं.

मी पेन ड्राइव्ह उघडला. पिवळी फोल्डरं ओळीनं उभी होती. त्यांच्यावर बाण नव्हते. नावं मराठीत होती, ती मोठ्या अक्षरात असल्यानं मलाही वाचता आली. घर. तलाव. बाई. पुणे. धान.

सासूबाईंनी "अगं माय" म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

"उघडा," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच उघडा." मी खुर्चीवरून उठलो. त्या बसेनात. जावई उभा असताना खुर्चीवर कसं बसायचं? मग मी शिलाई मशीनचं स्टूल ओढून त्याच्यावर बसलो. तेव्हा त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि माउस हातात घेतला. हात सराईत होता. माझ्यापेक्षा भराभर चालत होता.

तलावावर सकाळचं धुकं आणि जाळं टाकणारा माणूस. पोत्यावर झोपलेली मांजर. बांधीत धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणा करणाऱ्या बायका, सगळ्यांच्या पाठी वाकलेल्या आणि एकीच मान वर करून हसणारी. व्हिडिओ कॉलवरची पुण्याची नात, अर्ध्या चेहऱ्यावर मोबाइलची चौकट. माझी बायको अंगणात केस वाळवताना. असे शेकडो फोटो. त्या एकावर थांबायच्या, पुढं जायच्या.

मग 'घर' उघडलं. त्यात मी होतो. ओसरीवर जेवायला बसलेला, पाठमोरा. हात धुताना, पाठमोरा. वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आरामखुर्चीत झोपलेला, पण तोही मागून. प्रत्येक फोटोत एका बाजूला दाराची चौकट किंवा पडद्याची कड आलेली. एका फोटोत उन्हाचा पट्टा नेमका माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला पडला होता आणि तिथं एकही केस नव्हता.

"हे माझं डोकं?"

"मांगून तुम्ही असेच दिसता," त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसलो. मला खरंच माहीत नव्हतं की तिथलं इतकं गेलं आहे. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "समोरून काढाले कसंतरीच वाटे."

"आता काढा मग समोरून."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आता नको. आंघोळ नाही झाली तुमची."

त्यानंतर मला हाक मारणं सोपं गेलं. सासरे मामाजी, तर ह्या मामीजी. मी म्हणालो, "मामीजी, एक राहिलं. काल साफ केलेलं आज परत कसं आलं?"

माउसवरचा हात काढून त्यांनी मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मीच लावलं. सकारी. कोनी उठलं नव्हतं तेव्हा. ह्याच्यातले फोटो गेले तं मोबाइलच्या कार्डात काही असतीन, म्हनून पाह्यलं."

"आणि कार्ड कधी कोणाला दिलं होतं का?"

"नवरात्रात बाजारात गेली होती, तं एका दुकानात दंडारीची गानी भरून घेतली. त्यानं त्याच्या कॉम्प्युटरले लावलं. आल्यापासूनच हे सुरू झालं. मले वाटलंही होतं, गान्यासंगच काही आलं असन. पन बोलायचं कोनाले? तुमचे मामाजी म्हनतीन, गानी भराले कायले गेली. पोरगा म्हनन, फॉर्मेट करा."

बायकोनं सकाळी विचारलं तेव्हा ह्या का बोलल्या नाहीत, ते मला कळलं. काल फोटो घालवल्याचा आरोप माझ्यावर होता, त्यामुळे मला कोणाला बोल लावायची हौस नव्हती.

आम्ही मग पहिल्यापासून सगळं परत केलं. इंटरनेट बंद. सेफ मोड. सकाळची फाइल परत आलेली नाही ना, ते बघितलं. सासूबाई पडद्यावरचं एकेक अक्षर लावून वाचायच्या, इंग्रजी शब्दाचा अर्थ मी सांगायचो. नवीन काही लावलं की ते आपोआप उघडायची सोय असते, ती बंद केली. मग कार्ड लावलं. तिथं तीच उलटसुलट नावाची फाइल होती.

"हेच ना?" त्या म्हणाल्या.

"हेच."

"गानी राहतीन ना?"

"गाणी राहतील. फक्त हे पुसायचं."

त्यांनीच पुसलं. मग पूर्ण तपासणी लावली आणि आम्ही वाट बघत बसलो. हिरवी पट्टी फार हळू सरकत होती. त्या चहा करायला उठल्या. माझा कप टेबलावर आणून ठेवला आणि स्वतःचा स्वयंपाकघरात जाऊन घेऊन आल्या. म्हणजे पिऊनच आल्या. माझ्यासमोर चहा प्यायचं काही त्यांना जमलं नाही आणि मीही आग्रह केला नाही.

परत बसल्यावर म्हणाल्या, "रात्री कारल्याची भाजी करू का? तुम्हाले आवडते ना."

एवढी वर्षं आंधळगावला आलो की एकदा तरी कारलं ठरलेलं. मला वाटायचं, ह्या घरात सगळ्यांना आवडतं.

"खरं सांगू का मामीजी? मला कारलं आवडत नाही."

"आँ? लग्नानंतर पहिल्यांदा जेवले तेव्हा तुम्ही बाईले सांगितलं होतं, भाजी छान झाली. कारलंच तं होतं. तवापासून करून राहिली मी."

"तुमच्या घरी पहिल्यांदा जेवत होतो. वाईट कसं म्हणणार?"

त्या बघतच राहिल्या. "आमच्या इथं कोनीच खात नाही कारलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही येता म्हनूनच आनते बाजारातून."

आम्ही दोघंही इतके हसलो की मांजर मशीनखालून उठून बाहेर गेली.

तपासणी संपली तेव्हा काही सापडलं नाही. कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू केला. पेन ड्राइव्ह काढला, लावला. कार्ड काढलं, लावलं. भोंगा वाजला नाही. मी त्यांना सांगितलं, ही लाल पाटी परत कधी आली तर तिच्यावर काही दाबायचं नाही, तिच्या फुलीवरसुद्धा नाही, सरळ कॉम्प्युटर बंद करायचा. आणि कार्ड बाहेर कोणाच्या कॉम्प्युटरला लावून आणलं तर घरी लावायच्या आधी तपासायचं. कसं तपासायचं ते त्यांनी माझ्यासमोर दोनदा करून दाखवलं.

बायको परतली तेव्हा आम्ही त्याच जागी होतो. त्या खुर्चीवर, मी स्टुलावर. मंडईतून आणलेली जिलबीची पुडी हातात घेऊन ती दारात उभीच राहिली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "फोटो?" तिनं विचारलं, पण कोणाला विचारलं ते तिलाही कळलं नसावं. सासूबाई म्हणाल्या, "सापडले. आमी काढले."

मामाजी अंधार पडताना आले. पायांना धानाचा भुसा लागलेला. त्यांनी मधल्या खोलीत डोकावून बघितलं आणि तसेच पाय धुवायला गेले. परत आल्यावर बायकोला म्हणाले, "जवाईबापूले चहा तं पाज म्हना."

"झाला आमचा चहा," सासूबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या. मामाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. ते पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. मग विचारलं, "म्हंजे आता बोंबलत नाही ना?"

"नाही," मी आणि सासूबाई एकदमच म्हणालो.

त्या रात्री जेवताना त्या परत दाराआडच उभ्या होत्या. पदरही होता. इतक्या वर्षांचं एका दिवसात जात नाही, आणि जावं असं मलाही फारसं वाटत नव्हतं. वांग्याची भाजी होती. मी ताटातला भात संपवला तेव्हा दारातून आवाज आला, "भात आनू का?" मी सवयीनं बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "माह्याकडे काय पाह्यता? तुम्हालेच इचारून राहिली ती."

नंतर दोन-अडीच महिन्यांनी ऑफिसात माझा फोन वाजला. नंबर सासऱ्यांच्या घरचा होता, पण आवाज ओळखू येईना. फोनवर तो मी कधी ऐकलाच नव्हता.

"मी बोलून राहिली," त्या म्हणाल्या. "एक चौकोन आला हाय. खाली दोन बटनं हायेत. वाचून दाखवू का?"

मी फाइल बाजूला सारून बाहेरच्या व्हरांड्यात गेलो. त्यांनी एकेक अक्षर लावत पूर्ण वाचून दाखवलं. साधी सूचना होती, अँटिव्हायरस नवीन करायची. ती खरी आहे की खोटी, हे ओळखायला मी त्यांना कोपऱ्यातलं चिन्ह बघायला सांगितलं. बरोबर होतं. उजवीकडचं बटण दाबा म्हटलं.

"दाबलं," त्या म्हणाल्या.

"बस, झालं मग."

पण त्यांनी फोन ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. मागं मामाजींचा कोणाशी तरी बोलण्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "आज तलावाचं पानी सोडून राहिले. सारं गाव मासोळ्या धराले गेलं हाय. मी आत्ताच पाहून आली." आणि कोणाच्या जाळ्यात काय सापडलं, कोण चिखलात पडलं, पाणी कुठपर्यंत उतरलं, ते सांगत राहिल्या. मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून ऐकत होतो. आतून साहेबांनी एकदा हाक मारली, तर मी हातानंच खूण केली, येतो.